लिंक उघडंना की ओ! वर्डप्रेसचे ४०४, गोल फिरणारे रिडायरेक्ट आणि मधेच कापलेले मराठी पत्ते

संक्रांत जवळ आली की गड्ड्याची, म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेची, गर्दी होम मैदानावर जमायच्या आधी माझ्या व्हॉट्सॲपवर जमते. सोलापुरातल्या दहा-बारा छोट्या साईट्स मी सांभाळतो. टॉवेल-चादरीवाले आहेत, शेंगाचटणी विकणाऱ्या एक ताई आहेत, गावाबद्दल लिहिणारे एक निवृत्त गुरुजी आहेत. सगळ्यांच्या साईट्स स्वतःच्या होस्टिंगवर टाकलेल्या वर्डप्रेसवर चालतात. वर्षभर निवांत असणाऱ्या या साईट्सवर सणासुदीला माणसं येतात आणि नेमकं तेव्हाच कुणीतरी काहीतरी 'सुधारायला' जातं. मग फोन येतो, "लिंक उघडंना की ओ दादा."

तक्रारीचं वाक्य एकच असलं तरी त्यामागचे आजार सात-आठ आहेत. म्हणून आधी लक्षणं बघू.

लक्षणं

- होमपेज उघडतं, डॅशबोर्डही चालतो, पण कुठल्याही लेखावर टिचकी मारली की ४०४, म्हणजे 'पान सापडलं नाही'.
- बाकी सगळं ठीक, एकच लेख किंवा एकच पान ४०४ किंवा ४०३ (बघायला मनाई) दाखवतं.
- ब्राउझर म्हणतो 'टू मेनी रिडायरेक्ट्स', म्हणजे एका पत्त्यावरून दुसऱ्यावर ढकलणं फार झालं. क्रोम २० उड्या मारून हा नाद सोडतो.
- लॉगिन केलं की पुन्हा लॉगिनचंच पान समोर.
- लिंक एका लेखाची, उघडतो दुसराच.
- पत्त्याच्या शेवटी आपण न घातलेला डॅश आणि २ चिकटतो.
- दुरुस्ती झाली, माझ्याकडे नीट दिसतं, मालकाच्या फोनवर अजून जुनंच.
- संगणकावर सगळं छान, पण मोबाईलवर गुगलमधून आलं की भलत्याच जुगाराच्या किंवा औषधांच्या साईटवर.

शेवटचं लक्षण असेल तर मधलं काही वाचू नका, थेट खालच्या 'इथे थांबा' भागावर जा. बाकीच्यांनी क्रमाने या. सुरुवातीच्या तपासण्यांना पैसा लागत नाही आणि त्यातून काही मोडतही नाही. माझ्याकडे येणारी बरीचशी प्रकरणं तिथेच मिटतात.

हात लावायच्या आधी: पत्ता फिरवतंय कोण?

वाचकाने लिंक दाबल्यापासून लेख दिसेपर्यंत मध्ये पाच जण बसलेले असतात. वाचकाचा ब्राउझर, क्लाऊडफ्लेअरसारखी मधली सेवा असेल तर ती, होस्टिंगचा सर्व्हर, वर्डप्रेस आणि वर्डप्रेसमधलं एखादं प्लगइन. या पाचपैकी कुणीही "इकडे नाही, तिकडे जा" म्हणू शकतो. लोक यातल्या भलत्यालाच धरून बसतात. सर्व्हरचा दोष असताना प्लगइन बदलतात, ब्राउझरने जुनं लक्षात ठेवलेलं असताना डेटाबेसमध्ये हात घालतात.

गुन्हेगार ओळखायची एक सोपी खूण आहे. संगणकावर क्रोममध्ये एफ १२ दाबा, 'नेटवर्क' टॅब उघडा, 'प्रिझर्व्ह लॉग'वर टिक करा आणि बिघडलेली लिंक उघडा. ३०१ किंवा ३०२ अशी ओळ दिसेल. तिच्यावर टिचकी मारून 'रिस्पॉन्स हेडर्स' वाचा. 'एक्स-रिडायरेक्ट-बाय' असं हेडर असेल आणि पुढे 'वर्डप्रेस' लिहिलं असेल, तर पत्ता वर्डप्रेसच्या आतून फिरतोय. ही सोय २०१९ मध्ये आलेल्या ५.१ आवृत्तीपासून आहे. काही प्लगइन तिथे स्वतःचं नाव टाकतात, मग तर चोर आयताच सापडला. हेडरच नसेल तर बहुतेक वेळा काम सर्व्हरचं किंवा मधल्या सेवेचं असतं. त्याच यादीत 'लोकेशन' हे हेडर असतं. कुठे पाठवलं जातंय ते त्यात दिसतं. एचटीटीपीकडून एचटीटीपीएसकडे आणि परत, की डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू लावून आणि काढून, हे तिथे उघड्या डोळ्यांनी वाचता येतं.

या दोन मिनिटांनी माझे अक्षरशः दिवस वाचलेत. हे न करता पुढे गेलात तर खालचं सगळं अंधारात दगड मारणं आहे.

१. ब्राउझरची आठवण

३०१ म्हणजे 'कायमचा हललो'. ब्राउझर ते मनावर घेतो आणि पुढच्या वेळी सर्व्हरला न विचारताच नव्या पत्त्यावर जातो. म्हणून चुकीचा ३०१ तुम्ही काढला तरी ज्याने तो एकदा पाहिलाय त्याच्याकडे तो जिवंत राहतो.

इन्कॉग्निटो विंडोत लिंक उघडा. मग मोबाईलचं वायफाय बंद करून डेटावर उघडा. तिथे नीट दिसत असेल तर साईट बरी झालेली आहे, फक्त त्या एका ब्राउझरचा कॅश साफ करा. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेलवाल्या शेठजींनी मला एकदा रात्री अकराला तिसऱ्यांदा फोन केला, "अजून तसंच आहे." साईट संध्याकाळी सहालाच दुरुस्त झाली होती. गोंधळ त्यांच्या टॅबमध्ये होता. तेव्हापासून नवा नियम टाकून बघताना मी तो आधी ३०२ म्हणून टाकतो आणि चार दिवस नीट चालला की ३०१ करतो. ३०२ म्हणजे 'तात्पुरता', तो ब्राउझर सहसा मनात धरून ठेवत नाही.

२. पर्मालिंकचं बटण

पर्मालिंक म्हणजे लेखाचा पत्ता. सेटिंग्ज, पर्मालिंक्स, आणि काहीही न बदलता खाली 'सेव्ह चेंजेस'. बस. चेष्टा वाटेल, पण 'सगळे लेख ४०४' या तक्रारीवर हेच पहिलं औषध आहे. कुठल्या आकाराचा पत्ता आला की कुठला मजकूर द्यायचा, याची यादी वर्डप्रेस डेटाबेसमध्ये साठवून ठेवतं. नवं प्लगइन टाकलं, थीम बदलली, साईट एका होस्टिंगवरून दुसरीकडे नेली की ती यादी शिळी होते. हे बटण ती नव्याने लिहितं, आणि होस्टिंगचा सर्व्हर अपाची जातीचा असेल तर त्याच्या नियमांची फाईलही सोबत लिहितं.

सेव्ह केल्यावर पानाच्या तळाशी बघा. तिथे नियमांचा चौकोन दाखवून 'हे तुमच्या फाईलमध्ये स्वतः घाला' असं म्हटलं असेल, तर वर्डप्रेसला ती फाईल लिहायची परवानगी नाही. तो मजकूर कॉपी करून ठेवा, पाचव्या पायरीवर लागेल.

फक्त एक करू नका. घाबरून तिथली पत्त्याची रचना बदलू नका. तारखेची रचना काढून नुसत्या नावाची केली की आजवर व्हॉट्सॲपवर फिरलेल्या प्रत्येक लिंकचं काय होईल याचा भरवसा नाही. काही जुने पत्ते वर्डप्रेस अंदाजाने जुळवतं, पण अंदाज तो अंदाजच.

३. 'प्लेन' चाचणी

एखाद्या लेखाचा आयडी शोधा. डॅशबोर्डमध्ये लेख संपादनाला उघडला की वरच्या पत्त्यात तो अंक दिसतो. मग डोमेनपुढे प्रश्नचिन्ह, पी, बरोबरचं चिन्ह आणि तो अंक टाकून बघा. आता देखणा, म्हणजे अंकाऐवजी नावाचा, पत्ता चालू असेल तर वर्डप्रेस तुम्हाला लगेच त्या देखण्या पत्त्यावर ढकलेल आणि तिथे ४०४ दिसेल. म्हणून पर्मालिंक्समध्ये दोन मिनिटांपुरतं 'प्लेन' निवडा, साईट फिरून बघा आणि आधीची रचना जशीच्या तशी परत लावा. आधीची रचना कागदावर लिहून घ्यायला विसरू नका.

'प्लेन'वर सगळे लेख उघडत असतील तर वर्डप्रेस आणि डेटाबेस ठणठणीत आहेत, देखणा पत्ता सर्व्हर वर्डप्रेसपर्यंत पोचवत नाहीये. पाचव्या पायरीवर उडी मारा. 'प्लेन'वरही लेख दिसत नसेल तर तो लेख ड्राफ्टमध्ये आहे, कचऱ्यात आहे किंवा एखादं प्लगइन त्याला अडवतंय.

४. एकच लेख रुसलाय: मराठी पत्त्याची भानगड

इथे मी जरा रेंगाळणार आहे. इंग्रजी मदतपानांवर हा भाग जवळजवळ नसतोच आणि आपल्याकडे मात्र रोज लागतो.

गुरुजींनी दोन लेख लिहिले. पहिला 'सिद्धेश्वर यात्रेतील नंदीध्वजांचा इतिहास', दुसरा 'सिद्धेश्वर यात्रेतील नंदीध्वज कसे सजवतात'. दोन्ही छापले आणि पत्ता हाताने टाईप करून गावभर पाठवला. दुसऱ्या लेखाची लिंक दाबली की उघडायचा पहिला लेख. गुरुजींना वाटलं साईट हॅक झाली.

हॅक वगैरे काही नव्हतं. मामला कात्रीचा होता. वर्डप्रेसमध्ये लेखाच्या पत्त्याच्या तुकड्याला, म्हणजे स्लगला, २०० चिन्हांची मर्यादा आहे. रोमनमध्ये २०० म्हणजे भरपूर. पण देवनागरी पत्ता आतून टक्क्यांच्या (%) चिन्हांच्या माळेत साठवला जातो आणि आपलं एकेक चिन्ह त्यात ९ जागा खातं. चिन्ह म्हणजे अक्षर नव्हे. काना वेगळा, वेलांटी वेगळी, मात्रा वेगळी, अनुस्वार वेगळा, जोडाक्षरातला हलन्तसुद्धा वेगळा. 'सिद्धेश्वर' डोळ्याला चार अक्षरं दिसतो, यंत्राच्या लेखी तो १० चिन्हं आहे, म्हणजे ९० जागा. 'यात्रेतील' ९ चिन्हं, ८१ जागा. मधले दोन डॅश धरून १७३ झाले. उरल्या २७, म्हणजे तीन चिन्हं. न, अनुस्वार आणि द. कात्री तिथे चालली. पहिल्या लेखाचा पत्ता झाला 'सिद्धेश्वर-यात्रेतील-नंद'.

दुसऱ्या लेखाचं शीर्षकही कापून 'नंद'वरच आलं. तो पत्ता आधीच घेतलेला, म्हणून वर्डप्रेसने शेवटी डॅश आणि २ लावला. त्यासाठी जागा हवी म्हणून 'द' पण गेला. राहिलं 'नं' आणि पुढे २. गुरुजींनी मात्र अख्खं शीर्षक डॅश देऊन टाईप केलं होतं. आलेला पत्ताही वर्डप्रेस त्याच २०० च्या कात्रीने कापतं आणि मग शोधतं. कापल्यावर उरलं 'नंद', आणि 'नंद' हा पहिला लेख. यात यंत्राची काही चूक नाही, पण गुरुजींना हे समजवायला चहाचे दोन राऊंड लागले.

म्हणून एकच लेख बिघडला असेल तर हे बघा:

लेखाचा खरा स्लग संपादनाच्या पानावर उघडून शेवटपर्यंत वाचा. शब्द मधेच तुटलाय का? शेवटी अंक आहे का? लिंक कधीही हाताने टाईप करू नका, 'व्ह्यू पोस्ट'वर जाऊन तिथून उचला.

दिसायला तेच पण आतून वेगळं असंही होतं. 'ॲ' हे एकच अक्षर म्हणून टाईप करता येतं आणि 'अ' वर चंद्र देऊनही. ऱ्य आणि र्‍य यांचंही तसंच. तुमच्या लॅपटॉपचा कीबोर्ड एक पद्धत वापरतो, फोनचा दुसरी. डोळ्याला सारखं, सर्व्हरला दोन निराळे पत्ते, त्यातला एक ४०४. 'चादर' लिहिताना हा त्रास नाही, 'ॲल्युमिनियमची भांडी' लिहिताना आहे.

शेवटी २ चिकटलाय आणि तसा दुसरा लेख सापडत नाही? मीडिया लायब्ररीत शोधा. फोटोलाही स्लग असतो. तुम्ही आधी 'चादर' नावाचा फोटो चढवला आणि मग 'चादर' नावाचं पान केलं, की पानाच्या नशिबी २ येतो. फोटोचा स्लग बदला, मग पानाचा सरळ करा.

माझा सल्ला रुचणार नाही काहींना, पण मी शीर्षक मराठीत आणि स्लग रोमनमध्ये, तीन-चार शब्दांचा, असं ठेवतो. मराठीच हवा तर दोन-तीन छोटे शब्द. लांब मराठी पत्ता कॉपी केला की टक्क्यांची हातभर माळ होते आणि लोकांना ती व्हायरसची लिंक वाटते. स्लग बदलल्यावर घाबरायचं कारण नाही. छापलेल्या लेखाचा जुना स्लग वर्डप्रेस लक्षात ठेवतं आणि तिकडून आलेल्याला नव्याकडे पाठवतं. पण ही सोय लेखांना आहे, पानांना नाही. 'संपर्क' किंवा 'आमच्याविषयी' अशा पानाचा पत्ता बदललात तर रिडायरेक्ट स्वतः घालावा लागतो. आणि जुन्या स्लगवर नवा लेख टाकलात तर तो रस्ता बंदच झाला.

लिंक भलत्याच लेखावर नेण्याचं अजून एक कारण आहे. पत्ता सापडला नाही की वर्डप्रेस त्या अक्षरांनी सुरू होणारा दुसरा लेख शोधून तिकडे पाठवतं. हेतू चांगला, पण कधीकधी पाहुण्याला शेजारच्या लग्नात बसवून येतं. 'एक्स-रिडायरेक्ट-बाय: वर्डप्रेस' दिसतंय आणि प्लगइनमध्ये कुठलाही नियम नाही, तर बहुधा हेच.

५. फाईल मॅनेजर: लपलेली फाईल आणि सावत्र फोल्डर

आता होस्टिंगच्या सीपॅनेलमध्ये जायचं. इथून पुढे प्रत्येक फाईलची आधी प्रत. नाव बदलून तिथेच ठेवली तरी चालेल, पण प्रत हवीच.

फाईल मॅनेजरच्या सेटिंग्जमध्ये 'शो हिडन फाईल्स'वर टिक करा. डॉटने सुरू होणाऱ्या फाईल्स एरवी दिसत नाहीत, आणि आपल्याला हवी असलेली डॉट-एचटीॲक्सेस त्यातलीच. फाईलच गायब असेल तर सगळे लेख ४०४ होण्याचं कारण मिळालं. साईट हलवताना लोक दिसणाऱ्या तेवढ्याच फाईल्स उचलतात, ही मागे राहते. दुसऱ्या पायरीवर कॉपी केलेला मजकूर घालून नवी बनवा. परवानगी ६४४.

फाईल असेल तर 'बिगिन वर्डप्रेस' आणि 'एंड वर्डप्रेस' या दोन ओळींच्या मध्ये काय आहे ते वाचा. अर्थ साधा आहे: मागितलेल्या नावाची खरी फाईल असेल तर ती द्या, खरं फोल्डर असेल तर ते द्या, दोन्ही नसेल तर इंडेक्स-पीएचपीकडे, म्हणजे वर्डप्रेसकडे पाठवा. या दोन ओळींच्या आत स्वतःचं काही लिहू नका, वर्डप्रेस पुढच्या वेळी ते पुसून टाकेल. आपले रिडायरेक्ट 'बिगिन'च्या वर लिहायचे. खाली लिहिले तर अनेकदा पाळीच येत नाही.

जुना मराठी पत्ता इथे नियमात घालताना लोक हमखास फसतात. अपाची पत्त्यातले टक्के उलगडून मग तुलना करतो. त्यामुळे डावीकडे टक्क्यांची माळ चिकटवली तर नियम कधीच लागत नाही, तिथे सरळ देवनागरी लिहावी लागते. फाईल यूटीएफ-८ मध्ये सेव्ह करा, पण सुरुवातीला 'बॉम' नावाची अदृश्य खूण नको. नोटपॅडमध्ये सेव्ह करताना 'विथ बॉम' निवडलं गेलं तर अख्खी साईट ५०० (सर्व्हरची चूक) दाखवते आणि फाईलमध्ये डोळ्याला काही चूक दिसत नाही.

५०० आलं तर गडबडू नका, जुनी प्रत परत ठेवा.

त्या 'खरं फोल्डर असेल तर ते द्या' या ओळीने चटणीवाल्या ताईंना दोन दिवस छळलं होतं. सगळी साईट चालू, फक्त 'गॅलरी' पान ४०३. पर्मालिंक सेव्ह केलं, प्लगइन बंद केले, काही फरक नाही. फाईल मॅनेजर उघडला तर पब्लिक-एचटीएमएल या साईटच्या मुख्य फोल्डरमध्ये 'गॅलरी' नावाचं फोल्डर. त्यांच्या भाच्याने फोटो चढवताना बनवलेलं, आत कडक भाकरीचे चार फोटो. सर्व्हरला खरं फोल्डर सापडलं, त्याने पत्ता वर्डप्रेसपर्यंत येऊच दिला नाही, आणि फोल्डरची यादी दाखवायला बंदी म्हणून ४०३. फोल्डरचं नाव बदललं आणि पान उघडलं. फोटो ताईंना पाठवून दिले, तेवढ्यावर समाधान.

६. गोल फिरणारी साईट

'टू मेनी रिडायरेक्ट्स' म्हणजे दोघांचं पटत नाहीये. एक म्हणतो तिकडे जा, दुसरा म्हणतो इकडे. आता कोण ते शोधा.

आधी सेटिंग्ज, जनरल. 'वर्डप्रेस ॲड्रेस' आणि 'साईट ॲड्रेस' दोन्ही अक्षरशः सारखे हवेत. एकात एस आहे दुसऱ्यात नाही, एकात डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू आहे दुसऱ्यात नाही, की सुरू झाला झिम्मा. वर्डप्रेस मुद्दाम वेगळ्या फोल्डरमध्ये टाकलं असेल तर पुढचा भाग वेगळा असू शकतो, पण सुरुवात तीच हवी. हे दोन चौकोन करडे आणि बंद दिसत असतील तर पत्ता डब्ल्यूपी-कॉन्फिग फाईलमध्ये 'डब्ल्यूपी-होम' आणि 'डब्ल्यूपी-साईटयूआरएल' या नावांनी पक्का केलेला आहे, तिथे बदला. डॅशबोर्डमध्ये जाताच येत नसेल तरी हीच फाईल उपयोगी पडते. हे दोन पत्ते तिथे बरोबर लिहिले की डेटाबेसमधली चूक बाजूला पडते आणि तुम्ही आत येता.

मग रिडायरेक्ट आणि कॅशची प्लगइन. एकाच साईटवर रिडायरेक्टचं काम तीन ठिकाणी करून ठेवलेलं मी पाहिलंय: एसएसएलचं प्लगइन, एसईओचं प्लगइन आणि होस्टिंगच्या पॅनेलमधलं 'फोर्स एचटीटीपीएस'. तिघांनी मिळून डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूवर भांडण लावलेलं. एका कामाला एकच माणूस ठेवा. आत जाता येत नसेल तर डब्ल्यूपी-कंटेंटमधल्या 'प्लगइन्स' फोल्डरचं नाव बदला, सगळी प्लगइन एकदम बंद होतात. लूप थांबला तर डॅशबोर्डमधलं 'प्लगइन्स'चं पान एकदा उघडा, मग फोल्डरचं नाव परत करून एकेक चालू करत जा.

मध्ये क्लाऊडफ्लेअर असेल तर तिथला एसएसएलचा प्रकार बघा. 'फ्लेक्झिबल' निवडलं असेल तर वाचक ते क्लाऊडफ्लेअर हा रस्ता एचटीटीपीएस आणि पुढे तुमच्या सर्व्हरपर्यंतचा साधा एचटीटीपी असतो. तुमचा सर्व्हर साधी विनंती बघून म्हणतो, "एचटीटीपीएसने या." वाचक तर आधीच एचटीटीपीएसने आलेला. मधला माणूस परत साधीच विनंती पाठवतो. सिद्धेश्वर तलावाला प्रदक्षिणा घातल्यासारखं चालू राहतं. उपाय: सर्व्हरवर खरं प्रमाणपत्र बसवा आणि प्रकार 'फुल स्ट्रिक्ट' करा. बहुतेक होस्टिंगवर लेट्स एन्क्रिप्टचं प्रमाणपत्र फुकट मिळतं. प्रमाणपत्र बसवायच्या आधी प्रकार बदललात तर लूप जाऊन दुसरी चूक दिसेल, क्रम पाळा.

एकावेळी एकच बदल करा, आणि प्रत्येक बदलानंतर इन्कॉग्निटोत तपासा. दोन गोष्टी एकदम बदलून साईट सुरू झाली तर खरा रोग कोणता होता ते कळत नाही आणि पुढच्या गड्ड्याला तो परत येतो.

७. सर्व्हरच ऐकत नाही

'प्लेन'वर चालतं, फाईल जागेवर आहे, मजकूर बरोबर आहे, तरी ४०४. मग सर्व्हर ती फाईल वाचतच नसेल. ओळखायला फाईलच्या पहिल्या ओळीत चार निरर्थक रोमन अक्षरं टाका. साईट ५०० झाली तर फाईल वाचली जातेय, ओळ लगेच काढा. काहीच फरक पडला नाही तर सर्व्हर तिकडे बघतही नाही. हे रात्री उशिरा करा, दुकानाच्या वेळेत नको.

अपाचीवर असाल तर दोन कारणं. पत्ते फिरवणारा 'मॉड-रिराईट' हा भाग चालू नाही, किंवा ही फाईल वाचायची परवानगी देणारं 'अलाऊ-ओव्हरराईड' 'नन'वर आहे. अपाची २.४ मध्ये मुळात ते 'नन'च असतं, त्यामुळे स्वतः घेतलेल्या कोऱ्या सर्व्हरवर हा प्रश्न ठरलेला. एनजिनएक्स या दुसऱ्या जातीच्या सर्व्हरवर असाल तर डॉट-एचटीॲक्सेसला काही अर्थच नाही, तो ती फाईल वाचत नाही. तिथे साईटच्या कॉन्फिगमध्ये 'ट्राय-फाईल्स'ची ओळ लागते: आधी फाईल, मग फोल्डर, मग इंडेक्स-पीएचपी. ओपनलाईटस्पीड हा तिसरा सर्व्हर रिराईटचे नियम वाचतो, पण बदलानंतर त्याला रिस्टार्ट द्यावा लागतो. "मी बरोबर लिहिलंय तरी चालंना" यातली काही प्रकरणं फक्त तेवढ्याने सुटतात.

शेअर्ड होस्टिंग असेल तर हे तुमच्या हातात नाही. माझ्या एका गिऱ्हाइकाची साईट होस्टिंगवाल्यांनी एका रात्रीत दुसऱ्या सर्व्हरवर हलवली, कळवलं नाही, आणि सकाळी सगळे लेख ४०४. आम्ही दोन तास आमच्याच फाईल्स चिवडत बसलो. तिकीट टाकताना 'साईट चालत नाही' एवढंच लिहू नका. 'प्लेन पर्मालिंक चालतात, नावाचे चालत नाहीत, मॉड-रिराईट आणि अलाऊ-ओव्हरराईड तपासा' असं लिहा. पहिल्या प्रकारच्या तिकिटाला 'कॅश साफ करा' हे उत्तर येतं, दुसऱ्याला काम होतं.

इथे थांबा आणि जाणकाराला बोलवा

गुगलमधून किंवा फक्त मोबाईलवरून येणारा वाचक परक्या साईटवर जात असेल तर साईटमध्ये कुणीतरी शिरलंय. असे नियम मुद्दाम मालकाला दिसणार नाहीत अशा अटी घालून लिहिलेले असतात, म्हणून तुमच्या संगणकावर सगळं छान दिसतं. डॉट-एचटीॲक्सेस साफ केली की बरं वाटतं, आणि काही तासांत नियम परत येतो, कारण तो लिहिणारी फाईल दुसरीकडेच लपलेली असते. काही पुसू नका, पुरावा राहू द्या. पासवर्ड बदला आणि माणूस गाठा.

डेटाबेसमध्ये जुन्या डोमेनच्या जागी नवं घालायचंय आणि कुणीतरी "एका क्वेरीत होतं" म्हणालं, तर त्याला चहा पाजून परत पाठवा. वर्डप्रेस बऱ्याच सेटिंग्ज मजकुराची लांबी आकड्यात नोंदवून साठवतं. नाव बदललं, लांबी बदलली, आकडा जुनाच, की विजेट आणि थीमच्या सेटिंग्ज उडतात. डब्ल्यूपी-सीएलआय या कमांड लिहून चालवायच्या साधनाचं 'सर्च-रिप्लेस' हे आकडे सांभाळून बदलतं, पण ते चालवणारा हात सरावाचा हवा आणि बॅकअप ताजा.

साईटवर ऑनलाईन पैसे घेत असाल तर डोमेनचा किंवा एचटीटीपीएसचा रिडायरेक्ट स्वतः बदलू नका. पैसे मिळाल्याचा निरोप पेमेंट गेटवे तुमच्या साईटला एका ठरलेल्या पत्त्यावर पाठवतो. मध्ये रिडायरेक्ट आला की तो निरोप वाटेत गळू शकतो. गिऱ्हाइकाच्या खात्यातून रक्कम गेलेली, तुमच्याकडे ऑर्डर 'पेंडिंग'. आपल्या शेठजींकडे असल्या सहा ऑर्डरी निघाल्या. चादरी वेळेत पोचल्या, पण प्रत्येकाला फोन करून खात्री करावी लागली.

बॅकअपच नसेल तर पाचव्या पायरीच्या पुढे जाऊ नका. आणि दोन तास घालवूनही 'पत्ता कोण फिरवतंय' याचं उत्तर मिळालं नसेल तरी थांबा.

बोलावलेल्या माणसाला हे द्या: बिघडलेल्या दोन लिंक, नेटवर्क टॅबचा स्क्रीनशॉट, शेवटचं काय बदललं आणि कधी, होस्टिंगचं लॉगिन. पासवर्ड फोनवर वाचून दाखवू नका, काम झाल्यावर बदलाच. 'काहीच केलं नाही, आपोआप झालं' असं सांगू नका. भाच्याने काही केलं असेल तर तेही सांगा.

गुरुजींच्या दोन्ही लेखांचे स्लग आता रोमनमध्ये, तीन-तीन शब्दांचे आहेत. जुनी 'नंद'वाली लिंक अजून लोकांच्या फोनमध्ये फिरते, ती दाबली की नव्या पत्त्यावर जाते. तरी गुरुजी प्रत्येक लेखानंतर मला लिंक पाठवतात आणि खाली लिहितात, "बघ की जरा, उघडती का."